मतदान जिंकलं, तरी महिनाभरात खुर्ची गेली! ब्रिटनच्या बोरिस जॉन्सन यांचं प्रकरण नेमकं काय होतं? जाणून घ्या सविस्तर

सरपंचावर अविश्वास ठराव आला की गावात काय होतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. तहसीलदारांकडे नोटीस जाते, विशेष सभेची तारीख लागते आणि तारखेच्या आधी काही सदस्य अचानक ‘सहलीला’ निघून जातात. फोन बंद. पारावर एकच हिशोब चालू असतो, कोण कुणाकडं आणि आकडा जुळतोय का?

असाच आकड्यांचा खेळ २०२२ साली ब्रिटनमध्ये झाला. तिथं खुर्ची सरपंचाची नव्हती, पंतप्रधानाची होती. बोरिस जॉन्सन यांच्यावर त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी अविश्वास मतदान घेतलं. जॉन्सन ते मतदान जिंकले. आकडा जुळला, नियमानं वर्षभर त्यांना कुणी हात लावू शकत नव्हतं. तरीही बरोबर ३१ दिवसांनी त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला.

मतं जिंकूनही माणूस कसा पडतो? त्यासाठी प्रकरण सुरुवातीपासून बघावं लागेल.

आधी माणूस समजून घ्या

बोरिस जॉन्सन हे मूळचे पत्रकार. पुढे लंडन शहराचे महापौर झाले, मग परराष्ट्रमंत्री. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष, म्हणजे आपली जुनी वर्तमानपत्रं ज्याला ‘हुजूर पक्ष’ म्हणत, त्याचे ते नेते. जुलै २०१९ मध्ये ते पंतप्रधान झाले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला निवडणूक झाली. त्यांच्या पक्षाला ३६५ जागा मिळाल्या, बाकी सगळ्यांच्या एकत्रित जागांपेक्षा ८० ची आघाडी. १९८७ नंतर त्या पक्षाचा एवढा मोठा विजय झाला नव्हता.

विस्कटलेले केस, गमतीशीर भाषणं, लोकांत मिसळणारा नेता अशी त्यांची ओळख. ‘या माणसाला कुणी पाडू शकत नाही’ असं तेव्हा सगळेच म्हणत होते. मग आला कोरोना.

‘पार्टीगेट’ म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये २३ मार्च २०२० ला लॉकडाऊन जाहीर झाला. घराबाहेर पडायचं नाही, दुसऱ्याच्या घरी जायचं नाही, दवाखान्यातल्या माणसाला भेटायचं नाही. जॉन्सन यांना स्वतःलाही कोरोना झाला. एप्रिल २०२० मध्ये ते अतिदक्षता विभागात होते.

तो काळ आपल्यालाही आठवतो. आपल्याकडं मयतीला २० माणसं आणि लग्नाला ५० माणसं अशी मर्यादा होती. मुंबई-पुण्याला कामाला असलेल्या कित्येक पोरांना आई-बापाचं शेवटचं तोंड बघता आलं नाही. ब्रिटनमध्येही तेच झालं. लोकांनी मोबाइलच्या पडद्यावर आपल्या माणसाला निरोप दिला. नियम होता, लोकांनी पाळला.

आणि याच काळात पंतप्रधानांचं घर आणि कार्यालय जिथं आहे, त्या १०, डाउनिंग स्ट्रीटमध्ये पार्ट्या चालल्या होत्या!

पहिली बातमी ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्रानं ३० नोव्हेंबर २०२१ ला दिली. दुसऱ्याच दिवशी जॉन्सन यांनी संसदेत सांगितलं की कार्यालयात सगळे नियम पूर्णपणे पाळले गेले. हे एक वाक्य पुढं त्यांना सगळ्यात महाग पडलं. कारण त्यानंतर एकेक गोष्ट बाहेर येत गेली:

- २० मे २०२० : पंतप्रधानांच्या बागेत कार्यक्रम. सुमारे १०० जणांना ईमेलवर निमंत्रण, दारू आपापली आणायची. जॉन्सन तिथं सुमारे २५ मिनिटं होते. ‘मला ते कामाचाच भाग वाटलं’ असं त्यांचं म्हणणं.
- १९ जून २०२० : जॉन्सन यांच्या वाढदिवसानिमित्त मंत्रिमंडळाच्या बैठकीच्या खोलीत लोक जमले.
- १६ एप्रिल २०२१ : एकाच रात्री कर्मचाऱ्यांच्या दोन निरोप पार्ट्या. जॉन्सन स्वतः त्यात नव्हते.

शेवटची तारीख लोकांच्या जास्त जिव्हारी लागली. कारण दुसऱ्या दिवशी, १७ एप्रिलला, राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांचा अंत्यविधी होता. नियमामुळं फक्त ३० माणसं. काळे कपडे, तोंडाला मास्क आणि बाकावर एकटी बसलेली ९४ वर्षांची राणी, हा फोटो सगळ्या जगानं बघितला होता. राणीनं नियम पाळला आणि पंतप्रधानांच्या कार्यालयात आदल्या रात्री पार्टी! पुढं पंतप्रधान कार्यालयाला राजवाड्याची माफी मागावी लागली.

दंड झाला, तोही पंतप्रधानाला

चौकशी स्यू ग्रे या ज्येष्ठ सनदी अधिकारी बाईंकडं गेली. त्याआधी ती ज्या अधिकाऱ्याकडं होती, त्यांच्याच कार्यालयातला एक कार्यक्रम उघड झाला आणि ते बाजूला झाले. नंतर लंडन पोलिसांनीही तपास केला. एकूण ८३ जणांना १२६ दंडाच्या नोटिसा गेल्या.

१२ एप्रिल २०२२ ला खुद्द जॉन्सन, त्यांच्या पत्नी कॅरी आणि अर्थमंत्री ऋषी सुनक यांना दंड झाला, वाढदिवसाच्या त्या कार्यक्रमासाठी. रक्कम प्रत्येकी ५० पौंड, तेव्हाच्या हिशोबानं साधारण पाच हजार रुपये. रक्कम किरकोळ होती. पण पदावर असताना कायदा मोडल्याबद्दल दंड झालेले जॉन्सन हे ब्रिटनचे पहिले पंतप्रधान ठरले. त्यांनी दंड भरला, माफी मागितली, राजीनामा मात्र दिला नाही.

स्यू ग्रे यांचा पूर्ण अहवाल २५ मे २०२२ ला आला. वरच्या नेतृत्वानं या वातावरणाची जबाबदारी घेतली पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं.

पक्षातल्या लोकांनी बंड कसं केलं?

आता मुख्य मुद्दा. ब्रिटनमध्ये पंतप्रधानाला दोन वाटांनी खाली ओढता येतं. एक, संसदेत सरकारवर अविश्वास ठराव आणायचा. तो आपल्या लोकसभेसारखाच. पण जॉन्सन यांच्याकडं ८० ची आघाडी होती, त्यामुळं तिथं विरोधकांचं काही चालणार नव्हतं.

दुसरी वाट पक्षाच्या आतली. हुजूर पक्षात ‘१९२२ समिती’ नावाची खासदारांची समिती आहे. आपल्या नेत्यावर विश्वास राहिला नसेल, तर खासदारानं समितीच्या अध्यक्षाला चिठ्ठी लिहायची. चिठ्ठी गुप्त. कुणी लिहिली, किती आल्या, हे फक्त अध्यक्षाला माहीत. वाटलं तर चिठ्ठी परतही घेता येते. तेव्हाच्या नियमानं पक्षाच्या एकूण खासदारांपैकी १५ टक्के चिठ्ठ्या जमल्या की मतदान घ्यावंच लागत असे.

तेव्हा पक्षाचे ३५९ खासदार होते. म्हणजे ५४ चिठ्ठ्या पाहिजे होत्या. समितीचे अध्यक्ष होते सर ग्रॅहम ब्रॅडी. कित्येक महिने पत्रकार त्यांच्या मागं लागले होते, ‘किती झाल्या?’ गड्यानं तोंडातून आकडा काढला नाही.

चिठ्ठ्या हळूहळूच जमत गेल्या. डिसेंबर २०२१ मध्ये नॉर्थ श्रॉपशर ही जवळपास २०० वर्षं हातात असलेली जागा पोटनिवडणुकीत गेली. मागच्या वेळी तिथं सुमारे २३ हजारांची आघाडी होती. जानेवारीत एक खासदार थेट विरोधी मजूर पक्षात गेला आणि त्याच दिवशी डेव्हिड डेव्हिस या जुन्या नेत्यानं भर संसदेत जॉन्सन यांना ‘आता जा’ असं सुनावलं. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं, तेव्हा ‘अशा वेळी नेता बदलायचा नाही’ म्हणून बंड थंडावलं. स्कॉटलंडमधले पक्षाचे नेते डग्लस रॉस यांनी तर दिलेली चिठ्ठी परत घेतली. मे महिन्यात स्थानिक निवडणुकांत पक्षाच्या जवळपास ५०० जागा गेल्या, अहवाल आला आणि चिठ्ठ्यांचा आकडा पूर्ण झाला.

६ जून २०२२ : २११ विरुद्ध १४८

राणीच्या राज्यारोहणाला ७० वर्षं झाल्याचा सोहळा ५ जूनला संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रॅडी यांनी मतदान जाहीर केलं. संध्याकाळी ६ ते ८ मतदान, तेही गुप्त. निम्म्यापेक्षा जास्त, म्हणजे १८० मतं जॉन्सन यांना पाहिजे होती.

निकाल लागला. बाजूनं २११, विरोधात १४८.

म्हणजे जॉन्सन ६३ मतांनी जिंकले. हा चांगला निकाल आहे, आता पुढं कामाला लागू, असं ते म्हणाले. नियमही त्यांच्या बाजूनं होता. एकदा मतदान जिंकलं की १२ महिने पुन्हा असं मतदान घेता येत नाही.

पण आकडा दुसऱ्या बाजूनं वाचा. आपल्याच पक्षाचे दहातले चार खासदार म्हणत होते की हा माणूस नको. शिवाय २११ मध्ये शंभराहून जास्त जण मंत्री, उपमंत्री किंवा सरकारातल्या कुठल्या ना कुठल्या पदावर होते. पद नसलेल्या खासदारांतले बहुतेक विरोधात गेले, असाच सगळ्यांचा हिशोब होता.

त्या पक्षाचा इतिहासही हेच सांगत होता. १९९० मध्ये मार्गारेट थॅचर यांना पहिल्या फेरीत २०४ विरुद्ध १५२ मतं मिळाली. नियमानं लागणारी आघाडी चार मतांनी हुकली. दोनच दिवसांत त्यांनी माघार घेतली. डिसेंबर २०१८ मध्ये थेरेसा मे २०० विरुद्ध ११७ नं जिंकल्या आणि पुढच्या मे महिन्यात त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. जॉन्सन यांचा निकाल मे यांच्यापेक्षाही वाईट होता.

मग शेवटचा घाव कुणी घातला?

२३ जूनला एकाच दिवशी दोन पोटनिवडणुकांत पक्ष हरला. त्यातल्या टिव्हर्टनच्या जागेवर मागच्या वेळी २४ हजारांहून जास्त आघाडी होती. पक्षाध्यक्ष ऑलिव्हर डाउडेन यांनी लगेच राजीनामा दिला.

त्यानंतर आलं ख्रिस पिंचर प्रकरण. हे पक्षाचे उपमुख्य प्रतोद. २९ जूनच्या रात्री लंडनमधल्या एका क्लबात दारूच्या नशेत दोन पुरुषांशी गैरवर्तन केल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. ३० जूनला त्यांनी पद सोडलं. लोकांनी विचारलं, या माणसाच्या आधीच्या तक्रारी पंतप्रधानांना माहीत नव्हत्या का?

कार्यालयानं आधी सांगितलं, ठरावीक तक्रारींची माहिती नव्हती. मग उत्तर थोडं बदललं. पुन्हा बदललं. मंत्री टीव्हीवर जाऊन तेच सांगत होते आणि संध्याकाळी तोंडघशी पडत होते. शेवटी ५ जुलैला परराष्ट्र खात्याचे माजी सचिव लॉर्ड मॅक्डोनाल्ड यांनी जाहीर पत्र लिहिलं. जुन्या तक्रारीची माहिती जॉन्सन यांना प्रत्यक्ष दिली होती, असं त्यात होतं. जॉन्सन यांना चूक मान्य करावी लागली.

त्याच संध्याकाळी आरोग्यमंत्री साजिद जाविद आणि अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी काही मिनिटांच्या अंतरानं राजीनामे दिले. मग रांगच लागली. दोन दिवसांत ५० हून जास्त जणांनी सरकारी पदं सोडली. नवे शिक्षणमंत्री जेमतेम दीड दिवस टिकले. नवे अर्थमंत्री नधीम झहावी यांनी नेमणुकीनंतर दोनच दिवसांत जॉन्सन यांना ‘आता जा’ असं जाहीरपणे सांगितलं. १२ महिन्यांचा नियमच बदलायची तयारी १९२२ समितीत सुरू झाली.

७ जुलै २०२२ ला दुपारी जॉन्सन दारात उभे राहिले आणि पक्षाचं नेतृत्व सोडत असल्याचं जाहीर केलं. राजकारणात कळप एकदा चालू लागला की तो चालतच राहतो, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य खूप गाजलं.

पुढं काय झालं?

पक्षाच्या सदस्यांनी मतदान करून लिझ ट्रस यांना नेता निवडलं. ६ सप्टेंबरला त्या पंतप्रधान झाल्या आणि ५० दिवसही टिकल्या नाहीत. २५ ऑक्टोबर २०२२ ला ऋषी सुनक पंतप्रधान झाले. तेच सुनक, ज्यांचं नाव आपल्याकडं ‘इन्फोसिस’च्या नारायण मूर्तींचे जावई म्हणून माहीत आहे.

जॉन्सन यांचं प्रकरण मात्र तिथं थांबलं नाही. ‘सगळे नियम पाळले’ हे संसदेत सांगितलेलं वाक्य खरं होतं का, याची चौकशी संसदेच्या विशेषाधिकार समितीनं केली. सात जणांच्या या समितीत बहुमत जॉन्सन यांच्याच पक्षाचं होतं. जॉन्सन यांनी संसदेची जाणूनबुजून दिशाभूल केली, असा निष्कर्ष समितीनं काढला. अहवाल यायच्या आधीच, ९ जून २०२३ ला, समितीवर पक्षपाताचा आरोप करत त्यांनी खासदारकी सोडली. ते खासदार असते तर ९० दिवसांच्या निलंबनाची शिफारस केली असती, असं अहवालात होतं. १९ जूनला संसदेनं तो अहवाल ३५४ विरुद्ध ७ मतांनी मान्य केला.

२०१९ मध्ये ३६५ जागा जिंकणारा पक्ष ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत १२१ वर आला. त्याला महागाईपासून ट्रस यांच्या कारभारापर्यंत इतर कारणंही होती. पण विश्वास उडायला सुरुवात झाली ती या पार्ट्यांपासून.

आपल्याकडं आणि तिकडं फरक काय?

योगायोग बघा. जून २०२२ मध्येच महाराष्ट्रातही सत्तेचा पेच सुरू होता. शिवसेनेचे आमदार सुरत आणि गुवाहाटीला गेले, २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं आणि ३० जूनला एकनाथ शिंदे यांनी शपथ घेतली. दोन्हीची कारणं पूर्ण वेगळी. कोण बरोबर, कोण चूक हा इथं विषय नाही. फरक आहे तो पद्धतीचा.

१. आपल्याकडं १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. सभागृहात पक्षाच्या व्हिपविरुद्ध मत दिलं तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये जॉन्सन यांनीच २१ बंडखोर खासदारांना संसदीय पक्षातून काढलं होतं, पण त्यांची खासदारकी शाबूत राहिली.

२. तिकडं नेत्यावर नाराजी असेल तर चिठ्ठी, मोजणी, गुप्त मतदान अशी लेखी ठरलेली वाट आहे. आपल्या बहुतेक पक्षांत नेता कोण हे वरिष्ठ ठरवतात. त्यामुळं नाराजी साचत जाते आणि फुटते तेव्हा पक्षच फुटतो.

३. तिकडं लंडनमध्ये, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर रांग लावून खासदार मतदानाला गेले आणि रात्री घरी गेले. कुणाला हॉटेलात ठेवावं लागलं नाही.

अर्थात तिकडची पद्धत म्हणजे सगळंच चांगलं असं नाही. २०१९ पासून २०२२ पर्यंत त्यांनी तीन पंतप्रधान बदलले आणि शेवटच्या दोघांना जनतेनं थेट निवडणुकीत कौल दिलेला नव्हता. वारंवार नेता बदलला की कारभाराची घडी विस्कटते, हेही तिथं दिसलं.

घटनाक्रम एका नजरेत

- १२ डिसेंबर २०१९ : जॉन्सन यांचा मोठा विजय, ३६५ जागा
- मे २०२० ते एप्रिल २०२१ : लॉकडाऊनच्या काळात पार्ट्या
- ३० नोव्हेंबर २०२१ : पहिली बातमी
- १२ एप्रिल २०२२ : पंतप्रधानांना दंड
- ६ जून २०२२ : पक्षात मतदान, २११-१४८ नं विजय
- ५ जुलै २०२२ : जाविद आणि सुनक यांचे राजीनामे
- ७ जुलै २०२२ : जॉन्सन पायउतार होण्याची घोषणा
- ९ जून २०२३ : खासदारकीचा राजीनामा

यातून काय घ्यायचं?

ज्या कार्यक्रमासाठी दंड झाला, तो वाढदिवसाचा. एवढ्या गोष्टीवर पंतप्रधान गेला का? नाही. लोकांना राग आला तो दोन गोष्टींचा. नियम करणाऱ्याच्या घरात नियम पाळला गेला नाही, ही पहिली. आणि विचारल्यावर दर वेळी उत्तर बदललं, ही दुसरी. पार्ट्यांच्या प्रकरणातून जॉन्सन कसेबसे वाचले होते. पिंचर प्रकरणात उत्तरं बदलली, तेव्हा त्यांच्यासाठी रोज खोटं पडायला त्यांचेच मंत्री तयार राहिले नाहीत.

मतांचा आकडा खुर्ची वाचवतो, पण तेवढ्यापुरती. ज्या बाईनं नियम पाळून आपल्या नवऱ्याला लांबूनच निरोप दिला, तिला २११ चा आकडा सांगून समाधान होत नाही. ग्रामपंचायत असो की पार्लमेंट, ठराव जिंकलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी विरोधातली मतं किती पडली तेही मोजावं. जॉन्सन यांनी २११ मोजले. १४८ मोजायचे राहून गेले.